‘सप्रमाण’ हा शब्द कधी, कुठे आणि कसा वापरावा

दुसऱ्यांचा मजकूर तपासताना मी एक शब्द आवर्जून शोधते: ‘सप्रमाण’. तो दिसला की मागचापुढचा मजकूर पुन्हा वाचते, आणि बऱ्याचदा प्रमाण काही हाती लागत नाही. ‘हे आता सप्रमाण सिद्ध झालं आहे’ असं वाक्य येतं, पूर्णविराम पडतो आणि लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कोणी सिद्ध केलं, कशावरून केलं, कधी केलं, याचा पत्ता नसतो. लिहिणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ती गोष्ट मनापासून पटलेली असते आणि तिला वजन यावं म्हणून हा भारदस्त शब्द तो उचलतो. वाचणाऱ्याला मात्र तो शब्द म्हणजे आश्वासन वाटतं, आणि आश्वासन पुरं झालं नाही की त्याचा बाकीच्या लेखावरचाही विश्वास उडतो.

म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ, त्याचे शेजारी पाहू, आणि मग एखादं विधान खरोखर सप्रमाण करायचं असेल तर काय काय करावं लागतं ते एकेक पायरीने पाहू.

शब्दाची फोड

‘सप्रमाण’ हा ‘सविस्तर’, ‘सचित्र’, ‘सकारण’, ‘सोदाहरण’ यांच्या रांगेतला शब्द. सुरुवातीचा ‘स’ म्हणजे ‘सह’. प्रमाणासह ते सप्रमाण. ‘प्रमाण’च्या मुळाशी ‘मा’ हा मोजणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे. ज्याने मापायचं ते प्रमाण. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ रोज आपल्या तोंडी असतात. ‘हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण’ म्हणताना आपण माप सांगतो, आणि ‘याला प्रमाण काय?’ म्हणताना पुरावा मागतो. दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले, हे मला फार मोलाचं वाटतं. पुरावा हे दाव्याचं माप आहे. पुरावा जेवढा असेल तेवढाच दावा करायचा, ही शिस्त या शब्दाच्या पोटातच आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याच आधाराने जातात.

व्याकरणाचं थोडक्यात. ‘सप्रमाण’ विशेषण म्हणून येतो (‘सप्रमाण मांडणी’) आणि क्रियाविशेषण म्हणूनही (‘तिने ते सप्रमाण दाखवून दिलं’). लिंग-वचनाने तो बदलत नाही. ‘सप्रमाणपणे’ असं लिहू नये, त्या ‘पणे’ने काहीच भर पडत नाही. ‘सप्रमाण पुराव्यांसह’ ही तर सरळ द्विरुक्ती आहे.

तीन शब्दांशी याची गल्लत होते. ‘समप्रमाण’ हा गणितातला शब्द: एक राशी ज्या पटीत वाढते त्याच पटीत दुसरी वाढते. मध्ये एक ‘म’ आला की अर्थ पार बदलतो, आणि घाईत टंकलेल्या मजकुरात ही चूक सहज निसटते. ‘प्रमाणित’ म्हणजे अधिकार असलेल्या माणसाने किंवा संस्थेने खरेपणाची ग्वाही दिलेलं. प्रत प्रमाणित असते, विधान सप्रमाण असतं. ‘प्रमाणबद्ध’ म्हणजे भागांचा एकमेकांशी मेळ असलेलं, जसं शिल्प किंवा इमारत. ‘त्यांनी प्रमाणबद्ध युक्तिवाद केला’ असं लिहिलं तर युक्तिवाद आटोपशीर होता एवढंच कळेल, तो पुराव्यानिशी होता की नाही हे कळणार नाही.

शेजारचे शब्द

मराठीत या परिसरात बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘साधार’ म्हणजे आधार घेऊन. प्रश्नपत्रिकेत ‘साधार स्पष्ट करा’ असतं तेव्हा उताऱ्यातला नेमका आधार दाखवायला सांगितलेलं असतं. हा ‘सप्रमाण’पेक्षा सौम्य शब्द. आधार आहे एवढं तो सांगतो, तो पुरेसा आहे असं म्हणत नाही. उलट अर्थी ‘निराधार’, आणि बोलण्यात ‘बिनबुडाचा’.

‘दुजोरा’ नेहमी दुसऱ्याकडून येतो. एकाने सांगितलेल्या बातमीला स्वतंत्रपणे माहिती असलेला दुसरा माणूस दुजोरा देतो. स्वतःच्याच विधानाला स्वतः दुजोरा देता येत नाही, आणि पहिल्याचंच ऐकून दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं तर तोही दुजोरा नव्हे. ‘पुष्टी’ने आधीच उभ्या असलेल्या विधानाला बळ मिळतं. पुष्टी ‘मिळते’ किंवा पुरावा पुष्टी ‘देतो’. ‘पुष्टी केली’ हल्ली सर्रास लिहितात, पण माझ्या कानाला ते खटकतं.

‘समर्थन’ हा शब्द जपून वापरावा. समर्थन म्हणजे बाजू घेणं, आणि बाजू पुराव्याशिवायही घेता येते. ‘त्यांनी आपल्या निष्कर्षाचं समर्थन केलं’ या वाक्यातून त्यांनी पुरावा दिला असं कळत नाही. पुरावा दिला असेल तर ‘निष्कर्ष पुराव्यानिशी मांडला’ असं लिहावं. ‘पुराव्यानिशी’ हा बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्हीकडे शोभणारा शब्द आहे, आणि ‘सप्रमाण’ जड वाटेल तिथे मी बिनदिक्कत तोच वापरते. ‘शाबीत’ अरबीतून आला आणि कोर्टकचेरीच्या भाषेत मुरला. ‘गुन्हा शाबीत झाला’ म्हणजे ठरलेल्या प्रक्रियेतून जाऊन सिद्ध झाला. सिद्धांताला किंवा ऐतिहासिक दाव्याला तो लावू नये.

‘शहानिशा’ आणि ‘खातरजमा’ हे आधीच्या कामाचे शब्द. ते काम झाल्यावरच विधान सप्रमाण होतं.

पहिली पायरी: दावा एका वाक्यात पकडा

बहुतेक दावे मोघम असतात, आणि मोघम दाव्याला पुरावा चिकटत नाही. ‘हल्ली वाचन कमी झालंय’ हे वाक्य घ्या. हल्ली म्हणजे कधीपासून? कोणाचं वाचन? छापील पुस्तकांचं की पडद्यावरचंही धरायचं? कमी म्हणजे कशाच्या तुलनेत? समजा हे वाक्य लिहिणारी व्यक्ती एका वाचनालयाचं काम बघते आणि तिला हे तिथल्या अनुभवावरून जाणवलं आहे. मग वाक्य असं होईल: ‘आमच्या वाचनालयातून गेल्या वर्षी घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या त्याच्या आदल्या वर्षापेक्षा कमी आहे.’ दावा आक्रसला खरा, पण आता तो तपासता येतो. देवघेवीची नोंदवही उघडली की काम झालं.

इथे अनेकांचा हिरमोड होतो. एवढ्या मोठ्या चिंतेचं एवढंसं वाक्य उरलं, असं वाटतं. मोठं विधान करायला हरकत नाही, पण मग पुरावाही तेवढाच मोठा लागेल: अनेक वाचनालयांच्या नोंदी, पुस्तकविक्री, पडद्यावरचं वाचन, सगळंच. जेवढी शहानिशा करण्याची तयारी आहे तेवढ्याच आकाराचं वाक्य लिहावं.

दुसरी पायरी: कोणत्या जातीचं प्रमाण हवं ते ठरवा

आपल्याकडच्या दर्शनांनी या प्रश्नावर फार बारकाईने विचार केला आहे आणि त्यांचे शब्द मराठीत अजून जिवंत आहेत, तर ते वापरावेत. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (ताडलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं). सांख्य तीनच मानतं, उपमान सोडून. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. भाट्ट मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातली कुमारिल भट्टाची परंपरा, अर्थापत्ती (एरवी मेळ बसत नाही म्हणून मानावी लागलेली गोष्ट) आणि अनुपलब्धी (न दिसण्यावरून नसणं कळणं) धरून सहा मानतात. म्हणजे ‘पुरावा कशाला म्हणायचं’ हाच मुळात वादाचा विषय होता, आणि वाद घालणाऱ्यांनी आपापली यादी आधी जाहीर केली होती. आपणही लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावं: मी हे स्वतः पाहिलं, की यावरून ते असेल असं ताडलं, की कोणाचं तरी ऐकून सांगतोय?

तिसऱ्या प्रकारात आपण सगळेच सर्वांत जास्त असतो, आणि त्यात कमीपणा नाही. पृथ्वीचा परीघ आपण मोजलेला नसतो. ‘शब्द’ प्रमाण म्हणजे आप्तवाक्य, आणि इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय खरोखर ठाऊक आहे आणि जो आहे तसं सांगतो, तो आप्त. दोन्ही अटी लागतात. जाणकार असून स्वार्थासाठी फिरवून सांगणारा चालत नाही, आणि प्रामाणिक असून अजाणही चालत नाही. या अटी न तपासता नुसत्या नावाला मान तुकवली की त्याला ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ म्हणतात. सांगोवांगी आलेल्या मजकुरात तर बाबाही सापडत नाही. ‘असं म्हणतात’, ‘तज्ज्ञांचं मत आहे’ अशी वाक्यं दिसली की म्हणणाऱ्याचं नाव शोधावं, आणि नाव मिळालं की त्याने मुळात काय म्हटलं होतं ते त्याच्याच लेखनात जाऊन पाहावं. मूळ वाक्यातले ‘कदाचित’ आणि ‘काही बाबतीत’ प्रवासात गळून पडलेले असतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता तिथेच आधी बघते.

तिसरी पायरी: पुरावा आणि दावा यांच्यामधला दुवा दाखवा

पुरावा समोर ठेवला की काम संपलं असं वाटतं, आणि चांगले लेखही इथेच ढासळतात. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. आग ही प्रतिज्ञा, म्हणजे दावा; धूर हा हेतू, म्हणजे त्याला दिलेलं कारण. पण या दोन्हींना जोडणारं तिसरं वाक्य असतं, ‘जिथे धूर तिथे आग’. याला व्याप्ती म्हणतात. ती खरी नसेल तर धूर कितीही स्पष्ट दिसो, आग सिद्ध होत नाही. आणि धूर समजलो ते धुकं निघालं, तर हेतूच गेला.

व्याप्ती उलटी करता येत नाही, हे त्या मंडळींनी आणखी एका उदाहरणाने दाखवलं. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला की त्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. म्हणून ‘जिथे आग तिथे धूर’ असं म्हणता येत नाही. रोजच्या वादांत आपण किती दुवे असे उलटे लावतो, ते या तापल्या गोळ्याशेजारी ठेवून पाहावं.

आता वाचनालयाकडे परत. नोंदवहीत आकडा घटलेला दिसला. त्यावरून ‘मोबाइलमुळे वाचन घटलं’ असं लिहिलं, तर नोंदवही पुस्तकांची संख्या सांगते, कारण सांगत नाही. त्या वर्षी नवी पुस्तकं आली नसतील, वेळ बदलली असेल, शेजारी दुसरं वाचनालय निघालं असेल. घट सप्रमाण आहे, कारण सप्रमाण नाही. एकाच वाक्यात दोन्ही घातली की घटीचा पुरावा कारणालाही आहे असा भास होतो. ही दोन वाक्यं कायम सुटी लिहावीत.

चौथी पायरी: आपल्या विरुद्ध जाईल असा पुरावा स्वतः शोधा

या पायरीसाठी मी नेहमी जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचं काम सांगते. कॉलरा दूषित हवेने पसरतो असं त्या काळी बहुतेकांचं मत होतं. तो पाण्यातून पसरतो असं स्नोने १८४९ साली मांडलं, पण तेव्हा त्याच्याकडचा पुरावा तोकडा होता आणि लोकांना ते पटलं नाही. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात मोठी साथ उसळली. ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाभोवती माणसं पटापट मरू लागली. एकूण बळी ६१६ झाले.

मृत्यू पंपाभोवती दाटले आहेत एवढंच स्नोने दाखवलं असतं, तर ‘त्या भागातली हवाच खराब आहे’ असं उत्तर तयार होतं. म्हणून तो न जुळणाऱ्या नोंदींच्या मागे लागला. पंपाजवळच्या गरिबांसाठीच्या एका आश्रमगृहात ५३५ माणसं होती, तिथे फक्त ५ जण कॉलऱ्याने गेले. त्या आश्रमगृहाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात ७० हून जास्त कामगार होते, आणि तिथे कॉलऱ्याने कोणीच मेलं नाही. त्यांना पिण्यासाठी बिअर मिळे आणि कारखान्याची विहीर वेगळी होती. आणि उलट बाजूने, सोहोपासून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. त्या परिसरात कॉलरा नव्हता आणि ती कित्येक महिने ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकलीही नव्हती. चौकशीत कळलं, की त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडायची म्हणून गाडीवान रोज तिच्यासाठी बाटली भरून नेत असे. हवा तीच असून पाणी वेगळं असलेली माणसं वाचली, आणि हवा वेगळी असून पाणी तेच प्यायलेली बाई गेली. दूषित हवेच्या मतापाशी याला उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी त्याने दुसरी, जास्त मोठी तुलना केली. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी टेम्स नदीचं शहराच्या सांडपाण्याने घाण झालेलं पाणी देत होती. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण शहराच्या वर, सांडपाणी पोहोचत नाही तिथे हलवलं होतं. आपल्याकडे कोणाचं पाणी येतं हे कित्येक घरांत माहीतच नव्हतं, म्हणून स्नोने पाण्यातल्या मिठाच्या अंशाची चाचणी करून ते ओळखलं. हिशेब निघाला तो असा: पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या दर १०,००० घरांमागे ३७. रस्ता तोच, हवा तीच, आर्थिक स्थिती सारखीच, आणि फरक उरला तो पाण्याचा.

मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असं आजही अनेक जण छातीठोकपणे सांगतात. स्नोने स्वतः तसा दावा केला नाही. लोक घरं सोडून पळाल्यामुळे साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हे त्याने लिहून ठेवलं. त्या एका कबुलीने त्याचा बाकीचा पुरावा जास्त विश्वासार्ह झाला.

आपल्या लेखनात हे करायचं कसं? दावा पक्का केला की कागदावर एक ओळ लिहावी: ‘हा दावा खोटा असता तर मला काय दिसलं असतं?’ मग ते शोधायला जावं. सापडलं तर दावा दुरुस्त करावा. नीट शोधूनही सापडलं नाही, तर कुठे शोधलं ते वाचकाला सांगावं.

पाचवी पायरी: पुराव्याच्या वजनाचं क्रियापद निवडा

मराठीत यासाठी उतरंडच आहे. ‘वाटतं’, ‘शक्यता आहे’, ‘सूचित होतं’, ‘दिसतं’, ‘आढळलं’, ‘स्पष्ट होतं’, ‘सिद्ध होतं’. या उतरंडीवर आपला पुरावा नेमका कुठे बसतो ते पाहून तिथलं क्रियापद घ्यावं. एका नोंदवहीवरून ‘आढळलं’ म्हणता येतं. अनेक स्वतंत्र नोंदी एकाच दिशेला गेल्या तर ‘स्पष्ट होतं’ म्हणता येतं. ‘सिद्ध होतं’ सगळ्यात वरचं. गणिताबाहेर ते लिहिण्याआधी मी दोनदा थांबते.

न्यायालयातही पुराव्याचं माप दाव्याच्या वजनाप्रमाणे बदलतं. दिवाणी वादात कोणाची बाजू जास्त संभाव्य ते पाहतात, फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. म्हणूनच ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ हे शब्द बातमीत येतात, आणि ते नीट वाचायला हवेत. आरोप सिद्ध झाला नाही, एवढंच त्यातून कळतं. ‘आरोप खोटा असल्याचं सप्रमाण सिद्ध झालं’ असं त्याचं भाषांतर करणं चूक आहे. पुरावा न मिळणं आणि विरुद्ध पुरावा मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहावी पायरी: मांडणी

इथे फार सांगण्यासारखं नाही. दावा आधी, लगेच पुरावा, मग दुवा, मग मर्यादा. पुरावा दाव्यापासून चार परिच्छेद लांब ठेवू नये. आकडा दिला तर तो कशापैकी आहे ते द्यावं: स्नोने नुसते मृत्यू मोजले नाहीत, घरंही मोजली. नाव दिलं तर साल द्यावं. आणि स्वतःच्या मांडणीला स्वतःच ‘सप्रमाण’ म्हणणं शक्यतो टाळावं. तो शब्द दुसऱ्याच्या मांडणीबद्दल बोलताना जास्त शोभतो, आणि तिथेही कोणतं प्रमाण ते सोबत लिहावं: ‘कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नोने शेजारच्या घरांतल्या मृत्यूंची तुलना करून सप्रमाण दाखवलं.’

वाचनालयाचं वाक्य या पायऱ्यांवरून उतरल्यावर साधारण असं होईल: ‘आमच्या वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीनुसार गेल्या वर्षी घरी नेलेली पुस्तकं आदल्या वर्षापेक्षा कमी आहेत. सभासदसंख्या दोन्ही वर्षी सारखीच होती आणि वाचनालयाची वेळही बदलली नाही, मात्र गेल्या वर्षी नव्या पुस्तकांची खरेदी झाली नव्हती. घटीचं ते एक कारण असू शकतं. वाचनालयात बसून वाचणाऱ्यांची नोंद आम्ही ठेवत नाही, त्यामुळे एकूण वाचन कमी झालं की नाही हे या नोंदींवरून सांगता येत नाही.’